बाजाराच्या दिवशी

माझ्या अम्माला वार ठाऊक नव्हते, बाजार ठाऊक होते. मामू कधी येऊन गेला असं विचारलं की ती म्हणायची, "साखऱ्याच्या बाजारी." गोधड्या कधी धुतल्या, तर "सेनगावच्या बाजाराच्या आदल्या दिशी." आमचं घर सेनगावात, धंदा बांगड्यांचा, आणि आठवड्यातले पाच दिवस अम्मा-अब्बा पाच गावांच्या बाजारात. शुक्रवारी अब्बा जुम्म्याच्या नमाजसाठी थांबायचे आणि सोमवारी माल निवडायचा असायचा, तेवढे दोन दिवस काय ते घरी. बाकी रोज सकाळी वाळल्या गवतात बसवलेल्या बांगड्यांच्या पेट्या जीपच्या टपावर चढायच्या. पेटी हलली की आतून किणकिण यायची आणि अब्बा ड्रायव्हरवर ओरडायचे, "हळू रे बाबा, काच हाय, कापूस न्हाई!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आजही रिक्षा खड्ड्यात गेली की माझ्या तोंडून तेच निघतं आणि रिक्षावाला वळून बघतो.

घरात आम्ही दखनी बोलायचो, बाजारात मराठी. अम्माचं बोलणं मी इथं मराठीतच लिहिते, कारण तिच्या मराठीला जी धार होती ती दखनीला नव्हती. दखनीत ती आई होती आणि आईला सारखी कामं असतात. मराठीत मात्र ती साऱ्या बाजाराची मन्यारीणभाबी होती, बायकांची चेष्टा करायची, सासवांची नक्कल करायची. समोर बसलेल्या बाईला ती माप विचारायचीच नाही. हात हातात घ्यायचा, अंगठ्याच्या बुडाशी दोनदा दाबायचं, की "दोन-सहा" म्हणून तिनं पेटीत हात घातलाच. मग साबणाचा फेस लावून बोलत बोलत ती तो हात असा काही दाबायची, की पंजा फुलासारखा मिटायचा आणि बांगडी मनगटावर गेलेली बाईला कळायचंसुद्धा नाही. बांगडी फुटली असं अम्मा कधी म्हणायची नाही. 'वाढली' म्हणायची. आमच्याकडं सगळ्याच बायका तसं म्हणतात, पण अम्माला तो धंद्याचा कायदा वाटायचा. मी एकदा "अम्मा, फुटली" म्हणाले तर टाळूवर टपली बसली होती.

त्या काळातली एक गोष्ट पुढं लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगते. मी सात-आठ वर्षांची असताना एका बाजारात कुणीतरी ओरडलं, "बैल उधळला! पळा!" झालं! ज्यानं ऐकलं तो पळाला, आणि पळता पळता तोही तेच ओरडला. मिरच्या सांडल्या, पालं पडली, एक म्हातारी तुडवली गेली आणि आमच्या दोन पेट्यांचा चुरा झाला. थोड्या वेळानं सगळे थांबले तेव्हा बैल कुठंच नव्हता. पहिल्यांदा कोण ओरडलं तेही कुणाला सांगता येईना. अम्मा काच वेचत बसली होती आणि हसत होती. "बैल आला असता तर एवढी वाढली नसती गं," म्हणाली.

मी नववीत असताना सकाळी तिची बोटं उघडेनाशी झाली. गरम पाण्याच्या तपेल्यात हात बुडवून बसायची, दहा वाजेपर्यंत कुठं मूठ सुटायची. भाकरी अब्बा थापायला लागले. त्या भाकरीचं तोंड कधी गोल नसायचं, पण अंबाडीच्या भाजीसोबत आम्ही निमूट खायचो. अम्मा कुणालाच काही सांगत नव्हती. मग साखऱ्याच्या बाजारात कांताबाई आली. कांताबाई ही बौद्धवाड्यातली, निंदण्या-खुरपण्याला जाणारी, अम्माचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आणि मैत्रीणही. लेकीचं लग्न ठरलं होतं म्हणून लेकीला घेऊन आली. शनिवारची शाळा सकाळची, म्हणून मीही त्या दिवशी बाजारात होते. अम्मानं पोरीचा हात धरला, दाबला, आणि तिच्याच तोंडून "या अल्ला" निघालं. परत धरला, परत तेच.

"काहून थांबली, भाबी?" कांताबाईनं विचारलं.

"पोरीचं हाड टणक हाय."

"पोरीचं हाड काल बी तेच व्हतं. तुझा हात दाखव."

अम्मानं हात पदराखाली घेतला. कांताबाईनं तो ओढून बाहेर काढला आणि बोटांची सुजलेली पेरं बघून लेकीला अब्बांपुढं सरकवलं. त्या पोरीच्या बांगड्या शेवटी अब्बांनी भरल्या. अम्मा तोंड फिरवून बसली होती. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं आणि मला भयंकर भीती वाटली. हात गेले की अम्माजवळ काय उरणार, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग उपाय सुरू झाले. जो येईल तो म्हणे, ताकदीचं द्या. अब्बांनी पायांचा शोरबा केला, खारीक आणली, डिंक आणला. एक जण कसली तरी शक्तिवर्धक पावडर देऊन गेला. आजही कुणी 'इम्युनिटी वाढवा' म्हणून डबा पुढं केला की माझं डोकं सणकतं. अहो, कशाची वाढवता? आणि कुणाची? गावातल्या एका डॉक्टरच्या बारीक पांढऱ्या गोळीनं तिला महिनाभर जादूसारखं बरं वाटलं, चेहरा पुरीसारखा फुगला, आणि गोळी थांबवताच दुखणं दुप्पट होऊन परत आलं. त्यातून ती सारखी निजायची. अंग तापायचं, जेवण जायचं नाही. बाजारातल्या बायका म्हणायच्या, दुखतात बोटं, मग ही लोळते कशाला? तिलाही तेच वाटायचं. "मी आळशी होऊन राहिले गं," असं ती मला म्हणाली होती, आणि ते चूक आहे हे सांगायला तेव्हा माझ्याजवळ काही नव्हतं.

शेवटी नांदेडला मोठ्या डॉक्टरांकडं गेलो. बाहेरून येणाऱ्या रोगाशी लढायची जी शक्ती असते ती हिच्या सांध्यांवरच उलटलीय, असं त्यांनी सांगितलं. अम्माला कळेना, तेव्हा सोपं करून म्हणाले, "बाई, तुमची प्रतिकारशक्ती जास्त वाढलीय."

अम्मा म्हणाली, "वाढली म्हंजी फुटलीच की, सायेब."

डॉक्टर आधी गोंधळले. अब्बांनी बांगड्यांचं सांगितल्यावर हसले आणि म्हणाले, "तसंच समजा. दोन्ही बरोबर आहे."

औषध समजावून सांगितलं ते मात्र फक्त मला. अम्मा रक्त द्यायला आत गेली होती, अब्बा बाहेर कसल्यातरी रांगेत होते. पिवळसर बारीक गोळ्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "तीन गोळ्या एकदम, आठवड्यातून एकाच दिवशी. रोज घेतल्या तर जिवावर बेतेल. वार ठरवून टाका, रविवार म्हणा." मी नववीत पहिली आलेली, शहाणपण नुसतं उतू चाललेलं. म्हणाले, "अम्माला वार कळत नाहीत सर. मी तिला कळेल असं सांगते." डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप दिली. घरी येऊन मी वहीचा कागद कापला, माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'तीन गोळ्या एकदम, फक्त बाजाराच्या दिवशी', आणि भाताच्या शितांनी तो खोक्यावर चिकटवला. अब्बांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. अम्मा म्हणाली, "हे बराबर. हे ध्यानात राहील."

'बाजाराचा दिवस' म्हणजे माझ्या लेखी एकच, सेनगावचा. त्या दिवशी आमच्या दारापर्यंत माणसं यायची, भज्यांचा वास शाळेत यायचा. बाकीच्या चार दिवशी अम्मा-अब्बा 'बाहेर' जायचे. ते बाजारालाच जातात हे मला माहीत होतं, पण तो शब्द लिहिताना त्यातलं एकसुद्धा गाव माझ्या मनात आलं नाही. आणि अम्माच्या मनात पाचही आले. काहून येणार नाहीत?

जूनमध्ये मी दहावीसाठी हिंगोलीला खालाकडं, म्हणजे मावशीकडं, राहायला गेले. दोन हप्त्यांनी खालाच्या शेजारच्या घरी अम्माचा फोन आला. एसटीडीच्या खोक्यातून ती नेहमी ओरडूनच बोलायची. "दवाई घेतेस का?" मी विचारलं. "घेऊन राहिले की! एक बी बाजार चुकू देत न्हाई!" मी खूष झाले. खालाला सांगितलं, बघा, मी लिहून दिलंय म्हणून अम्मा किती शिस्तीनं घेते. तीन महिन्यांच्या गोळ्या तीन आठवड्यांच्या आत संपल्या होत्या आणि अब्बांनी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून हिंगोलीतूनच आणखी नेल्या होत्या. दुकानदारानं कमी दिल्या असतील, असं त्यांना वाटलं.

पुढच्या साखऱ्याच्या बाजारात कांताबाईनं बघितलं, की अम्मानं तोंडावर पदर बांधलाय आणि कुणाशी चेष्टा करत नाही. भाकरी तशीच फडक्यात. "तोंड उघड, भाबी," ती म्हणाली, आणि अम्मानं उघडल्यावर तिनं अब्बांना हाक मारली. तोंड आतून सगळं सोललेलं, हिरड्यांतून रक्त, अंगात ताप, हातापायांवर लाल ठिपके. पेट्या तिथंच कुणाच्या तरी पालात टाकून कांताबाई खुरपं कमरेला खोचलेलं तसंच ठेवून जीपमध्ये चढली. कागदपत्रं मला समजतात म्हणून नांदेडला जाताना वाटेत खालाच्या घरून मला घेतलं.

मागच्या सीटवर अम्मा कांताबाईच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटून पडली होती. मी पिशवी उघडली. माझ्या चिठ्ठीचं खोकं आणि रिकामी पाकिटं, कितीतरी. "अब्बा, एवढ्या गोळ्या कुठं गेल्या?" अब्बा पुढून म्हणाले, "खाल्ल्या की तिनं. साखरा, सेनगाव, सगळे बाजार. तूच लिहिलं न्हाई का?"

कळमनुरी मागं पडलं होतं. मी मनात हिशेब केला: हप्त्याला पाच बाजार, पंधरा गोळ्या. मी नखानं ती चिठ्ठी खरवडली, मुठीत घेतली आणि डोंगरकडा ओलांडल्यावर खिडकीबाहेर सोडून दिली. कांताबाई दुसरीकडं बघत होती.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं खोकं उलटून पालटून बघितलं आणि मला विचारलं, "ही गोळी आठवड्यातून एकदाच घेत होत्या ना?"

मी म्हणाले, "हो."

एवढं मोठं खोटं मी त्याआधी बोलले नव्हते आणि त्यानंतरही नाही. तो कागदावर काही लिहायला लागला. तेवढ्यात अम्मानं स्ट्रेचरवरून हात वर केला. तिला बोलता येत नव्हतं. तिनं पाच बोटं दाखवली. त्यातली दोन नीट उघडतच नव्हती, ती तिनं दुसऱ्या हातानं सरळ केली आणि मग त्या खोक्याकडं बोट केलं.

"पाच गोळ्या?" अम्मानं मान हलवली. नाही.

"पाच दिवस? आठवड्यातले पाच दिवस?"

तिनं मान डोलावली आणि स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. माझीच अक्कल गेली, असं. तो डॉक्टर अक्षरशः पळाला.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपत आल्या होत्या. त्या गोळीचा उतारा म्हणून इंजेक्शनं दिली, रक्त चढवलं. अब्बा जिन्यात नमाज पढायचे. कांताबाई चार दिवस हलली नाही. त्या दिवसांची तिची मजुरी बुडाली आणि तिनं त्याचं नावही काढलं नाही. आठव्या दिवशी अम्मानं पातळ खिचडीचे दोन घास गिळले. पंधरा दिवसांनी आम्ही घरी आलो. पुढं तीच गोळी कमी करून परत सुरू झाली, तेव्हा अम्मानं ठणकावून सांगितलं, "सेनगावच्या बाजारी. फकस्त सेनगावच्या." चिठ्ठीचा विषय घरात कधीच निघाला नाही. अब्बांना शेवटपर्यंत वाटत होतं की अम्माच्या ऐकण्यात चूक झाली, आणि मी त्यांना तसं वाटू दिलं.

मी पुढं विज्ञान शिकले, औरंगाबादला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लागले ती अजून तिथंच आहे. लोक विचारतात, तुम्हाला हे काम कसं सुचलं? मी काहीतरी सांगते. माझं काम रक्तातले निरोप मोजायचं. आपल्या शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात, बारीक बारीक प्रथिनांचे. एकाचं नाव टीएनएफ, दुसऱ्याचं इंटरल्युकिन-सहा, असे कितीतरी. जंतू शिरला की पहारा देणारी पेशी टीएनएफ सोडते: इकडं या, शत्रू आलाय. ज्या पेशीला तो मिळतो ती धावते आणि स्वतःही तोच निरोप पुढं सोडते. जंतू मेला की निरोप थांबले पाहिजेत. अम्माच्या आजारात ते थांबत नाहीत. सांध्यात शत्रू कुणी नसतो, तरी बोलावणं चालूच राहतं आणि आलेल्या फौजेनं शेवटी सांध्याचं अस्तर, कूर्चा, हाड असं सगळं खाल्लेलं असतं. तेच निरोप रक्तातून मेंदूपर्यंत जातात, म्हणून ताप येतो, भूक मरते, उठवत नाही. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी प्रयोगशाळेतून घरी फोन करून अम्माला म्हणाले, "तू आळशी नव्हतीस." तिला वाटलं माझं कुणाशी तरी भांडण झालंय.

दोन हजारचं दशक सरत आलं तेव्हा आमच्याच दवाखान्यात एका नव्या इंजेक्शनच्या अभ्यासात अम्माचं नाव लागलं. आधी क्षयाची तपासणी झाली, कारण दबून राहिलेल्या क्षयाला टीएनएफचा निरोपच कोंडून ठेवतो आणि या इंजेक्शननं तो बंद केला तर क्षय डोकं वर काढतो. इंजेक्शन सुरू झालं. तिच्या रक्ताचा नमुना मोजायचं काम मी दुसऱ्या बाईकडं दिलं, पण त्या बाईच्या खांद्यावरून बघत होतेच. निरोप जितके जास्त तितका तपासणीच्या प्लेटमधल्या थेंबांचा पिवळा रंग गडद होतो. बोटांची सूज आणि त्या तपासण्यांचे आकडे, दोन्ही महिन्या-महिन्यानं उतरत गेले.

चौथ्या महिन्यात ती माझ्या घरी राहायला आली होती. दुपारी जेवणं झाल्यावर तिनं विचारलं, ही सुई नेमकी करते काय? मी निरोपाचं सांगितलं. सुई त्या निरोपालाच वाटेत धरते, पोचू देत नाही.

अम्मा म्हणाली, "म्हंजी तो बैल उधळल्याचा बाजार. बैल न्हाईच, आन् सगळे वरडून राहिले."

"अगदी तसंच."

"आन् ही सुई वरडणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवते."

इतकी वर्षं शिकून मला हे इतकं सोपं सांगता आलं नव्हतं. मी हसले, आणि हसता हसता अचानक माझ्या तोंडून निघून गेलं, "अम्मा, माझी चिठ्ठी चुकली होती. बाजाराची."

"ठावं हाय."

"तुला कळलं होतं?"

"जीपीत खरवडून फेकलीस की. मी डोळे मिटले व्हते, आंधळी न्हवते." तिनं सुपारीचा डबा बाजूला सारला. "चिठ्ठीचं काय, चुकतं माणसाचं. पण त्या डाक्टरला तू 'हो' म्हणलीस."

मला वर बघवेना. मी विचारलं, "म्हणून बोटं दाखवलीस? जगायचं म्हणून?"

"जगायचं कुठं ध्यानात येतं तवा? तोंडात नुसती आग व्हती, मेले असते तर सुटले असते." ती साधंच बोलत होती, भाव सांगावा तसं. "मनात आलं, मी गेले तर या लेकराला ते 'हो' जलमभर ऐकू येईल. मग केला हात वर."

मी लहान मुलीसारखी रडले. माझं वय तेव्हा तिशीच्या पुढं, पोटी दोन मुलं. अम्मानं मला रडू दिलं, आणि मग उठून मोरीतून साबणाची वडी आणि तांब्या घेऊन आली. मुलीच्या लग्नासाठी म्हणून कुणी मागवलेल्या बांगड्यांचा एक पुडा तिच्या पिशवीत होता, तो तिनं सोडला. "हात दे इकडं."

किती वर्षांनी तिनं कुणाचा हात धरला होता. बोटं वाकलेली ती वाकलेलीच राहिली होती, ती काही परत सरळ होणार नव्हती, पण दाब आला. अंगठ्याच्या बुडाशी दोनदा दाबून तिनं माप घेतलं, फेस लावला. एक गेली, दोन गेल्या, तिसरी अर्ध्या पंजावर आली आणि कट् झालं. काचेचा तुकडा फरशीवर पडला. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

"वाढली," अम्मा म्हणाली. "दुसरी दे."